पलिष्टी, अम्मोनी आणि आमचा अध्यक्ष

मेलबर्नच्या टार्निटमधल्या वसईकरांना तीन हजार वर्षांपूर्वीचं राजकारण शिकव, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. मीच हात वर केला. शाळेतही मी असाच हात वर करायचे आणि मग फळा पुसायचं काम गळ्यात पडायचं. पन्नाशी उलटली तरी ही खोड गेलेली नाही.

आमची मराठी मिस्सा महिन्यातून एकदा असायची, दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता, घरापासून वीस मिनिटांवरच्या एका चर्चमध्ये. साठ-सत्तर माणसं जमायची. वसईची, ठाण्याची, मुंबईची. कुणी नर्स, कुणी आयटीतला, कुणी अकाउंटंट. मिस्सा सांगायला आमच्या वसईकडचेच एक फादर यायचे. ते मेलबर्नला पुढचं शिकायला आले होते. मिस्सेच्या आधी पाव तास ते मागच्या कोपऱ्यात बसून कुमसार ऐकायचे. ज्याला आपल्या पापांची कबुली द्यायची असेल त्याने रांगेत जाऊन बसायचं. बाकीच्यांना त्या वेळात पार्किंग शोधायचं असायचं, त्यामुळे रांगेत बहुतेक वेळा एकटी माझी आईच असायची.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वडील गेल्यावर मी तिला इकडे आणलं. तिला इंग्लिश तीनच शब्दांचं येतं: थँक्यू, सॉरी आणि नो वरीज. त्यातलं नो वरीज ती सगळीकडे वापरते, स्वतः काळजीत असली तरीही. वसईला असताना ती दर शुक्रवारी कुमसाराला जायची. इथे महिन्यातून एकदा मिळायचं, तर त्यासाठी ती आठवडाभर आधीपासून तयारीला लागायची. भाजी चिरताना मधेच थांबून बोटांवर काहीतरी मोजायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "आई, तू घराबाहेर पडत नाहीस, कुणाशी बोलत नाहीस, तुला पापं करायला वेळ कधी मिळतो?"

ती म्हणाली, "तेच तर. तू सहाला येतेस, तेव्हा तुझं डोकं दुखत असतं. नात इंग्लिशमध्ये उत्तर देते. माझं वाक्य शेवटपर्यंत महिन्यातून एकदाच कुणीतरी ऐकतं."

खरं तर तेव्हा माझं डोकं दुखतच होतं.

तर वर्गाचं असं झालं. मिस्सेनंतर हॉलमध्ये चहा व्हायचा, आणि एका रविवारी फादर म्हणाले की सध्याची बायबलमधली वाचनं जुन्या राजांच्या काळातली आहेत, कुणीतरी दर महिन्याला वीस मिनिटं त्यामागचा इतिहास समजावून सांगितला तर बरं होईल. मी वसईला असताना बी.ए.ला प्राचीन इतिहास घेतला होता. इथे मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी लोकांना फोन करून आठवण देते. इतक्या वर्षांत मला इतिहासातलं एक अक्षरही कुणी विचारलं नव्हतं. माझा हात वर गेला तो त्यामुळे.

आणि मी मन लावून तयारी केली, हे मला सांगितलंच पाहिजे. दोन लायब्ररींतून पुस्तकं आणली. पहिल्या वर्गाला मोठ्या कागदावर नकाशा काढून नेला. डोंगरात राहणारे इस्राएलचे कुळवाडी, त्यांना राजा नाही, सैन्य नाही, भांडण झालं की कुणीतरी पुढे व्हायचं आणि भांडण मिटलं की परत शेतावर जायचं. आणि आजूबाजूला काय? खाली मिसर, म्हणजे इजिप्त, ज्याचा एके काळी सगळ्या किनाऱ्यावर हुकूम चालायचा, तो आता घरच्याच कटकटींनी बेजार. वर हित्ती लोकांचं साम्राज्य मोडून पडलेलं. तिकडे अश्शूरला स्वतःचंच आवरता येत नव्हतं. मोठी माणसं घराबाहेर गेल्यावर धाकटी जशी खोल्या वाटून घेतात, तसं त्या पट्ट्यात चाललं होतं. नदीपलीकडे अम्मोनी, त्यांच्या खाली मवाबी, आणखी खाली अदोमी, वरच्या अंगाला अरामी, समुद्राकाठी सोर आणि सीदोनचे व्यापारी. प्रत्येकाला आता राजा हवा होता. आणि किनाऱ्याच्या सपाट, सुपीक जमिनीवर पाच शहरं वसवून बसलेले पलिष्टी, जे समुद्रापलीकडून आलेले होते.

"म्हणजे बोटीतून आलेले?" एकीने विचारलं.

मी म्हटलं, साधारण तसंच. हॉलमध्ये सगळ्यांना एकदम बरं वाटलं, कारण आपण विमानातून आलो होतो.

लोक ऐकत होते याचा मला भयंकर आनंद झाला होता. पुढचं सगळं या आनंदामुळे घडलं.

तिसऱ्या वर्गाला मी लोखंडावर आले. डोंगरातल्या या लोकांकडे लोहार नव्हता. नांगराचा फाळ बोथट झाला, कुऱ्हाडीची धार गेली, की डोंगर उतरून पलिष्ट्यांकडे जायचं आणि त्यांच्याकडून धार लावून आणायची. संशोधकांमध्ये यावर वाद आहेत, तेही मी सांगितलं, पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही. कारण तेवढ्यात आमच्यातला एक गृहस्थ उठून उभा राहिला.

हा गृहस्थ आमच्यात सगळ्यांत उंच. दारातून येताना मान वाकवून येतो. एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढतो. तो म्हणाला, "म्हणजे अगदी आपल्यासारखंच की! आपणही चावीसाठी दर महिन्याला त्यांच्याकडे हात पसरतो."

ही चावीची गोष्ट सांगायला हवी. आम्ही ज्या चर्चमध्ये जमायचो तिथे रविवारची सगळी दुपार दुसऱ्या एका भाषेच्या समाजाकडे होती. ते शेकड्यांनी. त्यांचे स्वतःचे फादर, स्वतःचा क्वायर, बाराची मिस्सा, मग जेवण, पाचपर्यंत हॉल त्यांचा. त्यांच्या त्या वेळातूनच त्यांनी आम्हाला तीन ते पाच दिले होते, महिन्यातून एक दिवस. दिले म्हणजे काय, तर त्यांच्यातल्या एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, त्यांच्या गळ्यात दोरीला चावी असायची. त्या पावणेतीनला चर्चचं बाजूचं दार उघडायच्या, थंडी असली तर हीटर लावून ठेवायच्या, आणि त्यांची माणसं जेवण आटपून हॉलमधून निघायची. कागद नाही, फॉर्म नाही.

हे जमवलं होतं माझ्या आईने. ती नवी आलेली असताना एकदा मी तिला तिथे बाराच्या मिस्सेला नेलं होतं. तिला एक शब्द कळला नाही, पण नंतर जेवायच्या टेबलाशी ती आणि त्या चावीवाल्या बाई यांनी एकमेकींच्या ताटातली मासळी बघून खुणांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. पुढच्या वेळी आई घरून लोणच्याची बरणी घेऊन गेली. तेव्हा आमची मराठी प्रार्थना एकाच्या गॅरेजमध्ये चालायची. तीन-चार महिन्यांत त्या बाईंनी आम्हाला गॅरेजमधून चर्चमध्ये आणलं. ना त्यांना मराठी येत होतं, ना आईला त्यांची भाषा, आणि इंग्लिश दोघींचंही आनंदी आनंद.

तर तो उंच गृहस्थ चावीबद्दल बोलला, आणि हॉल हसला. टाळ्याही पडल्या. आणि मी, जिला हे सगळं माहीत होतं, मी काय म्हणाले?

"अगदी बरोबर," मी म्हणाले. हसत म्हणाले. वर्गात कुणी स्वतःहून उदाहरण दिलं की मास्तरणीला जे होतं ते मला झालं.

त्या दोन शब्दांनी घात केला. चहाच्या वेळेपर्यंत चावीवाल्या बाई पलिष्टी झाल्या होत्या. दुसऱ्या एका राज्यातून आलेला समाज, ज्यांना मागच्या वर्षी स्वतःची सकाळची वेळ मिळाली होती, ते अम्मोनी ठरले. गोव्याची मंडळी सोर-सीदोन, कारण त्यांच्याकडे चांगले गवई. आणि आम्ही? आम्ही डोंगरातले बिचारे. "त्यांच्या सगळ्यांचे प्रेसिडेंट आहेत," उंच गृहस्थ म्हणाला, "आपलाच नाही. बिशपसमोर आपल्या वतीने बोलणार कोण?"

मी म्हटलं, "अरे, आपल्याला बिशपला सांगायचंय तरी काय?"

"तू टेन्शन घेऊ नको," तो म्हणाला. "नो वरीज. ते नंतर ठरवू."

चौथ्या वर्गाला मी चूक दुरुस्त करायला बसले. त्या लोकांच्या म्हाताऱ्या संदेष्ट्याने राजा मागणाऱ्यांना काय काय सुनावलं होतं, ते सगळं मी सांगितलं. राजा आला की तुमची पोरं त्याच्या रथापुढे धावतील, मुली त्याच्या मुदपाकात राबतील, चांगली शेतं तो आपल्या माणसांना देईल, आणि मग रडाल तर कुणी ऐकणार नाही. मी आवाज चढवून सांगितलं. आई पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होती. वर्ग संपल्यावर लोक माझ्याकडे येऊन म्हणाले, छान झालं, आज फारच छान झालं. मग त्यांनी निवडणुकीची तारीख ठरवली.

निवडणूक कशी करायची यावर वाद झाला. वसईला आमच्या गावी सणाचा मान कुणाकडे जायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं, म्हणजे नाराजी देवावर जाते, शेजाऱ्यावर नाही. तसंच करू, असं ठरलं. मी वर्गात सांगून बसले होते की पहिला राजाही चिठ्ठ्या टाकूनच निवडला गेला, त्यामुळे आता याला शास्त्राचा आधारही मिळाला. चौदा नावं आली. फादरांनी एका स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि एका लहान मुलीकडून एक उचलून घेतली.

उंच गृहस्थाचंच नाव निघालं. मला यात काही काळंबेरं दिसत नाही, चिठ्ठ्या फादरांनी माझ्यासमोर घातल्या होत्या. पण नाव पुकारलं तर हा जागेवर नाही. पार्किंगमध्ये नाही, टॉयलेटमध्ये नाही. शेवटी कुणीतरी किचनमध्ये गेलं, तर तिथे एस्की, म्हणजे बर्फाच्या पेट्या, रचून ठेवल्या होत्या त्यांच्यामागे हा सहा फूट दोन इंचांचा माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. कारण मी दुसऱ्या वर्गात सांगितलं होतं की पहिला राजा निवडला गेला तेव्हा लाजून सामानसुमानात लपून बसला होता! म्हणजे याने आपलं नाव निघेल या आशेवर आधीच जागा बघून ठेवली होती. टाळ्यांच्या कडकडाटात त्याला बाहेर आणलं. त्याच्या शर्टाला बर्फाचं पाणी लागलं होतं आणि चेहरा अत्यंत नम्र होता. इतकी वर्षं मला एक विद्यार्थी मिळाला नव्हता, आणि मिळाला तो हा.

त्यानंतर वर्ग झाले नाहीत. वर्गाच्या वीस मिनिटांत आता मीटिंग व्हायची. पाचव्या वर्गाला मी जे सांगणार होते ते तसंच राहिलं. खरी गोष्ट तर तिथे होती. राजा आला म्हणून पलिष्टी गेले नाहीत. पहिला राजा जन्मभर त्यांच्याशी लढला आणि त्यांच्याशी लढतानाच संपला. ज्या दुसऱ्या राजाचं नीट जमलं, तो आधी पलिष्ट्यांच्याच आश्रयाला राहून आला होता. त्यांच्या गावात बायकामुलांसकट राहिला, त्यांची पद्धत बघितली, आणि पुढे त्याच्या खास पहाऱ्यात त्यांच्या गावची माणसं होती. धार लावायला डोंगर उतरून जाणारा शेतकरी फाळ तापेपर्यंत लोहाराच्या ओट्यावर बसून काय गप्पा मारत असेल, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मला ते सांगायचं होतं. पण अजेंड्यावर लोगो होता.

लोगो माझ्या मुलीकडून करून घेतला, कारण ती युनीत डिझाइन शिकते. तिने सात वेळा बदलून दिला. मी चिडले तर म्हणाली, "मम, इट्स जस्ट अ लोगो." बायकांचा केक आणि सांदणं आणण्याचा रोस्टर लागला. तरुण मुलांनी अध्यक्षांच्या गाडीतून बॅनर काढायचे आणि परत ठेवायचे. संदेष्ट्याने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं होत होतं आणि कुणालाच ते दिसत नव्हतं. मी दाखवायला गेले तर नव्या समितीची सेक्रेटरी म्हणाली, "तू आता जरा निगेटिव्ह होतेयस."

मग अध्यक्षांनी पत्र लिहिलं. चर्चच्या पॅरिश ऑफिसला, प्रत बिशपच्या कार्यालयाला. मला ते शुद्धलेखन तपासायला पाठवलं होतं. मराठी समाजाला इतर समाजांच्या बरोबरीचा दर्जा मिळावा, सकाळची स्वतंत्र वेळ मिळावी, स्वतःची चावी मिळावी; सध्या आम्हाला दुसऱ्या समाजाच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागतं, हे अपमानास्पद आहे. मी 'अपमानास्पद' शब्द खोडला. त्याने तो परत घातला. मी फोन करून म्हटलं, "अरे, ती बाई हीटर लावून ठेवते आपल्यासाठी. यात अपमान कुठला?"

"हा पर्सनल विषय नाहीये," तो म्हणाला. "हा सिस्टमचा प्रश्न आहे."

सिस्टमने तीन आठवड्यांत उत्तर दिलं. पॅरिश ऑफिसने वह्या तपासल्या आणि त्यांना आढळलं की दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता तिथे मराठी मिस्सा होते, याची कुठेच नोंद नाही. ते अतिशय सभ्य पत्र होतं. इतक्या लोकांच्या जमावाला विमा लागतो, मुलांशी संबंधित कामाचे परवाने लागतात, बिशपांची लेखी मान्यता लागते; आणि एका समाजाला दिलेली वेळ त्या समाजाने परस्पर दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही. सर्व पूर्तता होईपर्यंत आपण थांबावं ही विनंती. चावीवाल्या बाईंनाही वेगळं पत्र गेलं. त्यांच्या समितीने त्यांच्याकडून चावी काढून घेतली, असं नंतर कळलं.

आमच्या समितीने यावर तीन मीटिंगा घेतल्या, ऑनलाइन. मग अध्यक्षांना कंपनीने शहराच्या दुसऱ्या टोकाला, ग्लेन वेव्हर्लीकडच्या ऑफिसला टाकलं, मुलांच्या शाळेसाठी ते तिकडेच राहायला गेले, आणि सगळं थंड झालं. महिन्यातून एकदा मेलबर्नमध्ये मराठी मिस्सा नाही म्हटल्यावर फादरांना इथे ठेवायचं कारण उरलं नाही. शिक्षण संपल्यावर त्यांना वॉलॉंगॉंगच्या एका चर्चला पाठवलं. इथून गाडीने नऊ-दहा तास.

आईला मी हे सगळं तुकड्यातुकड्याने सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "नो वरीज." फक्त एकदा तिने विचारलं, "फोनवर कुमसार होतं का गं?"

मी म्हटलं, नाही होत.

"मग इथल्या फादरना मराठी शिकायला सांग," ती म्हणाली आणि उठून आत गेली. मला वाटलं, विनोद केला.

आता आम्ही रविवारी जवळच्या चर्चमध्ये इंग्लिश मिस्सेला जातो. सगळे 'आमेन' म्हणायच्या आधी आई मराठीतली उत्तरं पूर्ण आवाजात देते, त्यामुळे पुढच्या बाकांवरचे लोक मागे वळून बघतात. सुरुवातीला मला लाज वाटायची. मग लाज वाटल्याची लाज वाटायला लागली. घरी ती गप्प झाली. भांडणं करायची ती बंद झाली, आणि ज्यांच्या घरी म्हातारी आई आहे त्यांना कळेल की ही चांगली खूण नव्हे. सात महिने तिचं कुमसार झालं नव्हतं. तिच्या आयुष्यात इतका खंड कधी पडला नव्हता, बाळंतपणातसुद्धा नाही.

उपासकाळ लागला. ईस्टरच्या आधी कुमसार झालंच पाहिजे, यावर ती अडून बसली. मी इथल्या फादरना विचारलं. सत्तरीचे, लाल गालांचे, इथेच जन्मलेले, फार मायाळू माणूस. ते म्हणाले, आईंना त्यांच्या भाषेत बोलू दे, मला नाही कळलं तरी देवाला कळेल, मी क्षमा देईन. मला हे फारच सोयीचं वाटलं. घरी येऊन सांगितलं तर आई भडकली.

"देवाला सगळं आधीच कळतं. त्याला सांगायला मला चर्चमध्ये कशाला जायला हवं? फादरना कळलं पाहिजे. मी बोलणार आणि ते माझ्याकडे मठ्ठासारखे बघत बसणार? तू चल. तू सांग त्यांना इंग्लिशमध्ये."

"मी? तुझी पापं मी सांगू?"

"मग दुसरं कोण आहे मला?"

मी चिडले. लोकांच्या दातांच्या कटकटी दिवसभर ऐकायच्या, घरी येऊन स्वयंपाक, आणि आता हे. मी म्हटलं, हा आचरटपणा आहे, असं कुणी करत नाही. पण फादर म्हणाले, असं चालतं, दुभाषा ठेवता येतो. फक्त जे कानावर येईल ते दुभाष्यानेही बाहेर बोलायचं नाही. म्हणून इथे हे लिहिण्याआधी मी आईला विचारलं. ती म्हणाली, "लिही. सगळ्यांना कळू दे."

शनिवारी दुपारी गेलो. छोट्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या. फादरनी आशीर्वाद दिला. आईने डोळे मिटले आणि बोटं मोजायला लागली. मी वाक्यावाक्याने सांगत गेले. तिने म्हटलं, "मी," की मला म्हणावं लागायचं, "आय." मी प्रार्थना चुकवली. मी नातीच्या कपड्यांबद्दल मनात वाईट बोलले. मी शेजारच्या बाईच्या कुत्र्याला शाप दिला. इथपर्यंत मी हसू आवरत होते. मनात म्हणत होते, बघा, एवढ्यासाठी सात महिने घर डोक्यावर घेतलं.

मग पुढचं बोट धरून ती म्हणाली, "माझ्या मुलीवर माझा राग आहे."

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेलेच होते.

"सांग," ती म्हणाली.

"आय अ‍ॅम अँग्री विथ माय डॉटर," मी म्हटलं.

"त्या बाईने मला दार उघडून दिलं होतं. माझी मुलगी शिकलेली. तिला सगळं माहीत होतं. तो माणूस सगळ्यांसमोर त्या बाईला नावं ठेवत होता, आणि माझी मुलगी हसली. अगदी बरोबर म्हणाली. मी पहिल्याच रांगेत होते. तेव्हापासून तिने केलेला स्वयंपाक माझ्या घशाखाली उतरत नाही."

मी हे सगळं इंग्लिशमध्ये सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, त्या 'अगदी बरोबर'सकट. फादरनी आईकडे बघून हळू आवाजात विचारलं, आणि ते मला मराठीत करून तिला विचारावं लागलं:

"तुमच्या मुलीला हे माहीत आहे का?"

आईने डोळे उघडले. "आता झालं माहीत," ती म्हणाली. "सांग त्यांना."